फक्कीच्या भिंती

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी भिंतीतून चालत आलो म्हणून बोरकुटे साहेब माझ्यावर खेकसले.

"काहून गा, दरवाजा दिसून नाही राहिला का तुले?"

मी चहूकडे पाहिलं. नागपूरबाहेरचं उघडं माळरान आणि चार बाभळी. भिंत कुठेच नव्हती. पायाखाली मात्र चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा होत्या. ते ग्रंथालय होतं म्हणे. मी निमूट मागे फिरलो आणि रेघ जिथे तुटली होती तिथून पुन्हा आत आलो.

"हां. आता बोल," साहेब म्हणाले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तिथे एक नवं विद्यापीठ उभं राहायचं होतं आणि आराखडा बोरकुटे साहेबांकडे होता. मी त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता. साहेबांचा कागदावरच्या नकाशावर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक इमारत ते खऱ्या मापात जमिनीवर आखून घेत आणि मग तिच्यात चक्क राहत. डबा खायचा तो कॅन्टीनमध्येच. मला झापायचं असलं की आधी वर्गात नेत. एकदा ठेकेदारानं प्रयोगशाळेत विडी पेटवली, तर "गॅस हाय एथं!" म्हणून ओरडत त्याला बाहेर काढलं. बाहेर म्हणजे रेघेच्या पलीकडे.

"राहून पाह्यल्याबिगर समजत नाही गा," हे त्यांचं पालुपद. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून, बगलेत पुस्तकं मारून साहेब एका विभागातून दुसऱ्या विभागात पळत सुटायचे. तास चुकतो की नाही ते पाहायला. घामाघूम होऊन परतले की रस्ता बदलायचा, झाडांची रांग सरकवायची. आम्ही पाठीमागे हसून घेत होतो.

फक्त एकदा ते हसण्यावारी नेता येऊ नये इतके चिडले. मुलींच्या वसतिगृहात, फाटकातून आत शिरल्याबरोबर त्यांनी भेटायला येणाऱ्या आईबापांसाठी एक ऐसपैस खोली काढली होती, दोन्ही बाजूंना रुंद ओटे. बांधकाम समितीनं ती खोडली. तेवढ्या जागेत मुलींच्याच आणखी खोल्या बसतील, असं समितीचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं, पण साहेब त्या दिवशी कॅन्टीनकडे फिरकले नाहीत.

मग त्यांनी अख्ख्या समितीला माळरानावर बोलावलं, बरोबर बारा वाजता. स्वतः हातात काठी घेऊन फक्कीच्या फाटकात उभे राहिले.

"कोणाले भेटाचं हाय?"

"अहो, आम्ही समिती," अध्यक्ष म्हणाले.

"असान ना. पोरीचं नाव सांगा."

अध्यक्ष इतके गांगरले की त्यांनी आपल्या खऱ्या मुलीचं नाव सांगून टाकलं.

"तासाले गेली हाय. थांबा."

ऊन टाळू भाजत होतं. अध्यक्षांनी जरा वेळ दम धरला. "अहो, पण थांबू कुठे?"

"तेच तं मी विचारून राहिलो तुमाले!"

खोली मंजूर झाली.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "साहेब, तुम्ही नाटकात जायला हवं होतं." ते हसले नाहीत.

"माह्या पोरीचा कॉलेजात नंबर लागला होता, परगावी," ते म्हणाले. "वसतिगृहात सोडाले गेलो. आत कोणी घेईना. तिची माय रस्त्यावर, उन्हात, पेटीवर बसली. म्हणे, जिथं मायले टेकाले जागा नाही तिथं मी पोरगी ठेवत नाही. मीबी काही बोललो नाही. आणली वापस. लगन लावून देलं."

"हुशार होती?" मी विचारलं.

"होती काय म्हणतं? हाय अजून."

पुढे वसतिगृह बांधून झालं. मुली यायच्या पहिल्या दिवशी साहेब सकाळपासून तिथे घुटमळत होते. ओट्यांवर पेट्या, वळकट्या, सोडलेल्या शिदोऱ्या. गलका नुसता. दुपारी एक बाई मुलीच्या तोंडावरून हात फिरवून, डोळ्याला पदर लावून एकटीच फाटकाबाहेर पडल्या. साहेब त्यांच्यामागे धावतच गेले. मला वाटलं, बस कुठे मिळते ते सांगायला.

"बाई, पोरगी ठेवली ना तुमी? लय बेस केलं," एवढंच ते बोलू शकले. आणि त्या अनोळखी बाई स्वतःचं रडणं विसरून, रस्त्यात उभं राहून हुंदके देणाऱ्या साहेबांकडे पाहत राहिल्या.