विमानाच्या नाकावरच्या पट्ट्या

आमच्या आरोग्य मंडळाच्या रुग्णवाहू विमानावर मिरजेच्या आभाळात वीज पडली. रुग्ण वाचला, पण विमानाच्या नाकाला भोक पडलं. मंडळाचा सचिव या नात्याने मी तातडीची बैठक बोलावली.

आमचे इंजिनिअर निमिष यांनी विषय समजावून सांगितला. विमानाच्या नाकात रडार असतं. पुढे ढग कुठे आहेत ते वैमानिकाला त्यावर दिसतं. रडारच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून नाक धातूचं करत नाहीत, आणि म्हणूनच वीज ते फोडू शकते. उपाय सोपा होता. नव्या नाकावर अंतर सोडून धातूच्या बारीक पट्ट्या बसवायच्या, म्हणजे वीज पट्टीवरून विमानाच्या अंगावर जाते आणि बाहेर पडते. सहा पट्ट्या पुरेत, असं ते म्हणाले.

देणगीतून आलेली वस्तू बिननावाची ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. सहा पट्ट्यांवर सहा पदाधिकाऱ्यांची नावं कोरली. तेव्हा तासगावचे द्राक्षबागायतदार बाळासो उठले. "आमी काय निस्त्या टाळ्या वाजवायच्या व्हय?" सातवी पट्टी त्यांच्या वडिलांच्या नावे मंजूर झाली. मग मेढ्याचे नाथाजी म्हणाले, "ईज सगळ्यात जास्त आमच्या डोंगरात पडती, आन् नाकावर आमचं नाव न्हाई?" हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड असल्याने आठवीही मंजूर झाली. पुढे मोजणं बरं दिसेना.

"फटी राहिल्या नाहीत तर रडार आंधळं होईल," निमिष म्हणाले.

"लहरींचं मागनं बघू," अध्यक्ष लालासाहेब म्हणाले. "माणूस दुखावला तर काय करायचं?"

नाकाचं अगदी टोक तेवढं मोकळं होतं. ते निमिष यांच्या नावे करण्यात आलं. त्यानंतर त्यांची हरकत बरीच सौम्य झाली.

उद्घाटन थाटात झालं. वैमानिक क्रांतीताईंनी रडार चालू केलं. पडद्यावर एकही ढग नव्हता. सभासदांनी टाळ्या वाजवल्या आणि हवामान सुधारल्याबद्दल मंडळाचं अभिनंदन केलं.

"आवं, बाहेर गारा पडाय लागल्यात!" क्रांतीताई ओरडल्या. बाई हुशार आहेत, पण समारंभात काय बोलावं ते त्यांना कळत नाही.

पुढच्याच आठवड्यात लालासाहेबांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब मुंबईला हलवा, रस्त्याने टिकणार नाहीत. आभाळ भरून आलं होतं. क्रांतीताई विमानापुढे उभ्या राहिल्या. "वादळ कुठंय ते दिसल्याबिगर मी उडणार न्हाई. सहा ठेवा, बाकीच्या काढा. लगेच निघू."

निमिष पटाशी घेऊन आले. बाळासो आडवे झाले. "वडलांच्या नावाला पटाशी लावताय? आदी मला मारा." नाथाजींनी आठवीला हात लावू दिला नाही. निमिष यांनी स्वतः टोकापासून सुरुवात करणं तांत्रिकदृष्ट्या अयोग्य ठरवलं. मग मीच पुढे झालो आणि स्ट्रेचरवरच्या लालासाहेबांना वाकून विचारलं, "साहेब, जीव तुमचा आहे. पहिली तुमची काढली तर बाकीचे गप बसतील."

त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "माझी सोडून कुणाचीबी काढा," ते म्हणाले.

त्यांना रस्त्याने नेलं. ते साताऱ्यापर्यंतही पोचले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. शोकसभेत त्यांच्या स्मरणार्थ आणखी एक पट्टी बसवण्याचा ठराव एकमताने झाला. नाकावर जागा नव्हती, म्हणून ती वैमानिकाच्या समोरच्या काचेवर बसवली. क्रांतीताईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

तुम्ही हसताय, हसा. काचेवर उजव्या बाजूला अजून थोडी जागा शिल्लक आहे. तुमच्या आईचं नाव काय म्हणालात?