साहेबांचा मित्र आणि साठ फॉर्म

आरोग्य खात्यातला गणिती भलताच खुशीत होता. गुप्तरोग गावात कसा पसरतो याचं त्याने झकास गणित मांडलं होतं. नुसते आकडे घालायचे बाकी होते. म्हणून त्याने अख्ख्या ऑफिसला, घरच्यांसकट, फॉर्म वाटले. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. प्रश्न एकच: वर्षभरात जोडीदार किती?

साठच्या साठ फॉर्मांवर उत्तर आलं, एक!

आता ज्याला-त्याला एकच जोडीदार, तर रोग घराबाहेर पडणार कसा? गणिताने निकाल दिला, रोग लवकरच गाशा गुंडाळणार.

"वा! आपली माणसं म्हणजे सोनं!" साहेब म्हणाले. "मग तो गुप्तरोगाचा दवाखाना कशाला पोसायचा? सोमवारपासून बंद."

दवाखान्याच्या डॉक्टरबाई तणतणत आल्या. "अहो, माझ्याकडे बसायला बाकं पुरत नाहीत! ही माणसं काय आभाळातून पडतात? बंद केलात तर औषधाला जातील कुठे?"

गणितीने आपला अहवाल पुन्हा उघडून पाहिला. दवाखाना बुडणार, तोही त्याच्या सहीने!

दुपारी हेडक्लार्क आत आले आणि त्यांनी हळूच दार लोटलं. "माझा एक मित्र आहे. त्याचा सात नंबरचा फॉर्म. एकाचे तीन करा. दवाखाना बंद झाला तर बिचाऱ्याचा औषधांचा कोर्स अर्धवट राहील हो."

मग टायपिस्टबाईंची मैत्रीण निघाली. मग ड्रायव्हरचा मित्र. शेवटी खुद्द साहेब घाम पुसत आले.

"मित्र आहे माझा. भला माणूस. एकाचे पाच करा."

"आणि दवाखाना?"

"चालू राहू दे. मित्राची गैरसोय नको."

गणिताला एकदम जीव आला, रोग कागदावरही पसरू लागला. गणितीने जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "काय एकेकाचे मित्र! लाज कशी वाटत नाही लेकांना!"

बायको हसली नाही. "ऐक ना. माझी एक मैत्रीण आहे."

त्याला जोराचा ठसका लागला. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तेवीस नंबरचा फॉर्म. एकाचे दोन कर."

तेवीस नंबर त्याने स्वतःच तिच्या हातात दिला होता.

"दवाखाना नक्की चालू राहणार ना?" तिने विचारलं.

"हो," तो कसाबसा म्हणाला.

"मग सोमवारी रजा टाक. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, नवऱ्यालाही घेऊन या."