विहीणबाईंच्या चुलीवर तापलेले डूल

गाडीचे प्लग आणि होणाऱ्या सुनेचे डूल एकाच कोटात ठेवू नयेत, एवढी अक्कल सायराकानला होती. पण नारीनच्या डोंगराळ मुलखात थंडीनं नाकातला श्वास गोठतो, तिथे अक्कल काय टिकणार!

धाकट्यासाठी डोंगरापलीकडची आयझिरेक बघून ठेवली होती. आज तिच्या कानात डूल घातले की मुलगी आपली. आज राहिलं तर उद्या कोचकोर गावची मंडळी तिला मागणी घालायला यायचीच होती, तीही चकचकीत नव्या गाडीतून. सायराकानकडे होतं नवऱ्याच्या वेळचं एक खटारं, आणि ते हाकायला थोरला मुलगा उलुकमान.

हा उलुकमान हिवाळ्यात गाडी थांबली रे थांबली की आधी तिचे चारही प्लग काढायचा, पुसायचा आणि उबेला ठेवायचा. "प्लग गारठला की पेट्रोलनं भिजतो. भिजला की ठिणगी नाही. मग गाडी म्हणजे मेलेला याक," असं तो ज्याला त्याला सांगत फिरायचा.

"मेल्या, बायकोचं डोकं दुखलं तर एवढी काळजी नाही करत!" सायराकान म्हणायची.

त्या दिवशीही मुलीच्या दारात पोचल्यावर रामराम राहिला बाजूला, याचं डोकं आधी बॉनेटमध्ये. प्लग काढून फडक्यात बांधले आणि म्हणाला, "आई, हे धर. उबेत ठेव."

सायराकानने पुरचुंडी कोटाच्या आतल्या खिशात कोंबली. तिथेच डुलांची पुरचुंडी होती. दोन्ही फडकी एकाच जुन्या चादरीची, कारण तिच्या राज्यात नवं कापड फाडायची कोणाची छाती नव्हती. डूलही चांगले वजनदार, आणि तिची बोटं थंडीने लाकडासारखी झालेली.

आत गेल्यावर मुलीची आई गुलसुन म्हणाली, "कोट द्या विहीणबाई, बसा निवांत."

आता कोट गेला की ऊब गेली. सायराकानने दोन्ही पुरचुंड्या काढून घेतल्या आणि एक तिच्या हातात दिली. "एवढं चुलीवर राहू द्या. तव्यात ठेवा, वर झाकण घाला. आणि उघडू नका हं, हात काळे होतील."

गुलसुनने भुवया चढवल्या, पण पाहुण्यांचा शब्द म्हणून ठेवलं.

मंडळी जमली. आयझिरेक डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन खाली मान घालून बसली. सायराकानने घसा खाकरला. "हे डूल माझ्या सासूच्या सासूचे. असले तुम्हाला बाजारात शोधून मिळायचे नाहीत!" असं म्हणून तिने ऐटीत गाठ सोडली.

चार काळेकुट्ट प्लग खाण्याच्या ताटांमधून गडगडत गेले. त्यातला एक लोण्याच्या वाटीत जाऊन उभा राहिला.

"खरंच, बाजारात नाही मिळायचे," गुलसुन म्हणाली. "भंगारात मिळतील. कानात कुठल्या बाजूनं घालायचे हे?"

"अगं आई, गार पडले की!" उलुकमान लोण्याच्या वाटीवर झेपावला.

गुलसुन उठली. "थट्टा करायला आलात? उचला तुमचं लोखंड आणि निघा. उद्या कोचकोरची माणसं यायचीत."

"निघतो हो," उलुकमान म्हणाला, "पण हे तापल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही."

"मग तापवा एकदाचे!" गुलसुन तरातरा चुलीकडे गेली. झाकण उचललं, करपलेलं फडकं सोडलं, आत हात घातला आणि किंचाळली, "आई गं!" तव्यात पोवळी जडवलेले चांदीचे डूल चमकत होते.

सगळ्या बायका सायराकानकडे बघायला लागल्या. 'चुकलं' हा शब्द तिच्या तोंडातून लग्नातसुद्धा निघाला नव्हता. आता तरी का निघावा?

"हळू, विहीणबाई, तापलेत ते," ती म्हणाली. "आमच्यात पोरीच्या कानात गार चांदी घालत नाहीत. एवढ्या थंडीत लेकराचा कान काकडेल. आधी तिच्या आईच्या चुलीची ऊब द्यायची, मग घालायचे. तुमच्यात नाही का ही पद्धत?"

कोपऱ्यातली मुलीची म्हातारी आत्या कान चोळत म्हणाली, "माझ्या कानात घातले ते नुसता बर्फ होते. मला कुणी नाही विचारलं."

गुलसुनने भाजलेलं बोट तोंडात घातलं. "आणि लोण्यातलं ते काय?"

"ते होय? ते या येड्याचं. याला डोकं चालू करायला लागतं!"

ओढणीआडून आयझिरेक फिस्सकन हसली. मुलगीच हसली म्हटल्यावर गुलसुन तरी किती वेळ तोंड फुगवणार?

डूल निवले आणि कोमट कोमट कानात गेले. चुलीवर त्यांच्या जागी प्लग बसले. प्लग तापेपर्यंत सोयरिकीच्या जेवणासाठी बकरं कापलं गेलं.

आता त्या खोऱ्यात डूल तापवल्याशिवाय कोणी सून ठरवत नाही. जुनी पद्धत आहे म्हणतात. पुरचुंडी तव्यात ठेवायची, वर झाकण घालायचं, आणि मुलाच्या आईने बजावून सांगायचं, "उघडू नका हं, हात काळे होतील."

चांदीने हात काळे कसे होतील, हे मात्र कोणी विचारत नाही.