एकच रांग

सास्तूरचा श्रीनाथ पुण्याच्या एका कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं काम करायचा. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. बाहेरून इशारा आला की त्यानं तो झटकन टिपून घ्यायचा आणि खरं काम मागाहून उरकायचं. ही मागाहूनची कामं प्रोग्रॅमरनं कर्नलकडं कशी सोपवायची, ते ठरवणं श्रीनाथकडं आलं. त्यानं एकच फंक्शन लिहिलं, ‘नंतर कर’, आणि सगळ्या कामांना एकच रांग दिली.

शेजारच्या टेबलावरची शिवांजली म्हणाली, "पुढचं काम कशाची तरी वाट बघत बसलं, तर मागची सगळी खोळंबतील. तातडीच्या कामांना वेगळी रांग दे."

"दोन रांगा दिल्या की लोक चुकीच्या रांगेत काम टाकतात. एकच असली की चुकायची सोयच नाही!"

तिनं पुन्हा कळवलं, तेव्हा श्रीनाथनं साहेबांना सांगून त्याचा कोड तपासणाऱ्यांच्या यादीतून तिचं नावच काढायला लावलं.

उन्हाळ्यात तो गावी आला, तो आपल्याच कर्नलवर चालणारा छोटा कॉम्प्युटर बसवलेला एक डबा घेऊनच. बलभीमकाकांची बोअर शेतात आणि टाकी घराच्या स्लॅबवर. मोटर सुरू झाली की डबा घरच्यांना मेसेज करणार, टाकी भरली की मोटर बंद करणार. श्रीनाथनं बोअरजवळचा जुना स्विच काढून तिथं डबा बसवला आणि त्याला कुलूप लावलं.

"काका, आता हात लावायचं कामच न्हाय."

"शिकल्याचा उपयोग झाला बघ," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली तशी मोटर आपोआप सुरू झाली. डब्यानं मेसेज पाठवायला घेतला, पण शेतात रेंज नव्हती. तो रेंजची वाट बघत बसला. इकडं टाकी भरली. तसा इशाराही तारेवरून डब्यापर्यंत पोचला, कर्नलनं तो इमानदारीत टिपला आणि मेसेजच्या मागं रांगेत उभा केला.

स्लॅबवर मथुराकाकूंच्या कुरडया वाळत होत्या. लेकीचं, वैष्णवीचं लग्न आठवड्यावर आलेलं, अन् रुखवतासाठी गल्लीतल्या बायांनी दिवसभर राबून त्या घातलेल्या.

"आरं श्रीनाथ, टाकी सांडायलीय की!" काकू ओरडल्या.

"आपोआप बंद हुईल काकू. जरा थांबा."

काकू थांबल्या. पाणी थांबलं नाही. कुरडया तरंगायला लागल्या, तेव्हा काकांनी मोटरसायकल काढली. शेतात पोचल्यावर श्रीनाथनं खिसे चाचपले. कुलपाची किल्ली घरी, बॅगेत होती. दोघं परत फिरले, आणि वाटेतच गावाची लाइट गेली. मोटर बंद झाली ती अशी.

घरी काकू घमेल्यात कुरडयांचा चीक गोळा करत होत्या.

"आई, विकतच्या आणू," वैष्णवी म्हणाली.

"रुखवतात विकतच्या ठेवतेत व्हय?" मग श्रीनाथकडं बघून काकू म्हणाल्या, "तू जेवून घे आधी. सकाळपासून उपाशी हैस." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला घास गिळणं सोपं गेलं असतं.

संध्याकाळी बॅटरीवर तग धरून असलेल्या डब्याला कुठूनशी रेंज आली. घरातले सगळे फोन एकदम वाजले. ‘मोटर सुरू झाली आहे.’ लगोलग दुसरा मेसेज: ‘टाकी भरली आहे. मोटर बंद करत आहे.’ कुणी हसलं नाही. काकांनी फोन उशीखाली सारला.

श्रीनाथनं चावडीपुढं जाऊन शिवांजलीला फोन लावला.

"तुझं बरोबर होतं. वेगळी रांग हवीच. तू लिहितेस का? नाव तुझंच राहील."

ती म्हणाली, "मी टीम बदलून घेतली रे. सोमवारपासून दुसरीकडं आहे."

"माझ्यामुळं?"

"माझं नाव काढल्यावर तिथं बसून काय करायचं होतं?" ती रागावलेली वाटली नाही. त्याला तेच जास्त लागलं.

पुण्याला परतल्यावर त्यानं दुसरी रांग एकट्यानंच लिहिली आणि तपासणीला पाठवली. टीममध्ये नव्यानं आलेल्या रणधीरनं ती लगेच मंजूर केली. खाली एकच ओळ लिहिली होती, "छान आहे. पण हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?"

श्रीनाथनं ओळ वाचून मान वळवली. शेजारचं टेबल रिकामं होतं.