दोन खोके आणि एक इंजिनिअर

व्हॉल्यूम : ०

विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! हे मी गर्वानं नाही, लायसन्स दाखवून सांगतो. न्यू जर्सी राज्याचं इंजिनिअरचं लायसन्स, फ्रेम करून, हॉलमध्ये, गणपतीच्या फोटोपेक्षा दोन इंच वर. (इंच माझ्या बायकोनं, शैलानं मोजले.)

त्यामुळे आमच्या उत्तराला बेस गिटारसाठी अँप्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे ठरले, तेव्हा मीच पुढे सरसावलो. सोळा वर्षांची उत्तरा दोन वर्षं मंडळाच्या गणपतीला फिरकली नव्हती. यंदा, म्हणजे शहाऐंशी साली, तिनं अट घातली.

"मी येते बाबा, पण बेस वाजवणार. अँड इफ नो वन कॅन हिअर मी, दॅट्स इट. नेव्हर अगेन!"

मंडळाच्या अध्यक्ष पद्मिनीकाकूंनी दुसरी अट घातली. "वाजव बाई. पण ते घूंघूं मी लिहिलेल्या स्वागतगीताच्या डोक्यावर बसता कामा नये!"

एकीचं ऐकू यायला हवं, दुसरीला खुपायला नको. मी म्हटलं, एवढंच ना?

व्हॉल्यूम : १

रूट वनवरचं जुन्या वाद्यांचं दुकान. उत्तरानं पसंत केलेल्या अँप्लिफायरच्या पाठीवर लिहिलं होतं : किमान चार ओम. ओम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध. विरोध फार कमी झाला की अँप्लिफायर जळतो. नवऱ्यांचं बरोबर उलटं असतं.

उत्तराला आठ ओमचा एकच स्पीकरचा खोका पुरेसा वाटत होता. मी म्हटलं, आठ-आठचे दोन खोके समांतर जोडले की होतात चार! छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले!

वेणी घातलेला विक्रेता म्हणाला, "दोन जोडणार असाल सर, तर आधी एक चेक करा. साधी बॅटरी घेऊन..."

"आय अ‍ॅम अ लायसन्स्ड इंजिनिअर," मी म्हटलं.

त्यानं बिल फाडलं. उत्तरानं छताकडे पाहिलं.

व्हॉल्यूम : २

दोन्ही खोक्यांच्या आतल्या वायरी कुजल्या होत्या. मदतीला बोलावला पुरुषोत्तमला. सांगलीहून इंजिनिअर होऊन, एम.एस. करायला तीन आठवड्यांपूर्वी उतरलेला. अजून रस्ता ओलांडताना उलट्या बाजूला बघायचा.

वायर आणली जोडवायर : एक काळी, एक पांढरी. प्लगच्या बाजूचं सोल्डरिंग दोन्ही खोक्यांना मीच केलं. स्पीकरच्या बाजूचं वाटून घेतलं. डावा खोका मी, उजवा पुरुषोत्तम.

"काळी कुठं, पांढरी कुठं, सांगायला नको ना रे?"

"काय काका! इंजिनिअर आहे मीपण!"

बेसमेंटमध्ये डावा वाजवून पाहिला. घरघराट! उजवा वाजवून पाहिला. दणदणाट! दोन्ही मिळून वाजवणार, तेवढ्यात वरून शैला ओरडली, "कपबशा नाचतायत! एक जरी फुटली तरी चहा त्या लायसन्समधून देईन!"

थांबलो.

व्हॉल्यूम : ३

शनिवार, शाळेचं सभागृह, दुपारचे तीन. मी पडद्याआड अँप्लिफायरपाशी उकिडवा. स्टेजवर दोन्ही खोके खांद्याला खांदा लावून उभे. बायकांनी स्वागतगीत सुरू केलं आणि उत्तरानं पहिला सूर छेडला.

टक.

बस. टक! ना घूं, ना घर्र. पाटावर लाटणं आपटल्यासारखा आवाज.

व्हॉल्यूम : ५

टक. टक.

उत्तरानं वळून पाहिलं. मी हातानं खूण केली : वाढवतोय! तिला वाटलं, जोरात वाजव म्हणतोय. ती बोटं तुटेपर्यंत ओढायला लागली. टक! टक! टक!

पहिल्या रांगेत पद्मिनीकाकूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. शेजारणीला म्हणाल्या, तेही मला ऐकू आलं, "कित्ती सौम्य वाजवते गं पोर! वाजवतेय असं वाटतसुद्धा नाही!"

उत्तरालाही ते ऐकू आलं. तिची हनुवटी थरथरली. तिसरीत सायकलवरून पडली होती तेव्हा अशी थरथरली होती.

व्हॉल्यूम : ७

तिसरं कडवं. पुरुषोत्तम रांगत आला. "काका, ओमचं काही चुकलं का?"

"ओम चुकत नसतात!"

अँप्लिफायरचा लाल दिवा लुकलुकू लागला. झाकण इतकं तापलं होतं की त्यावर थालीपीठ लागलं असतं.

"बाबा," उत्तरा दातांतून म्हणाली, "नो वन कॅन हिअर मी."

व्हॉल्यूम : १०

शेवटचं कडवं. शेवटची ओळ. नेव्हर अगेनला उरले आठ सेकंद. मी बटण पार टोकाला फिरवलं. काही नाही! मग उजव्या खोक्याला एक चापट द्यावी म्हणून उठलो (लायसन्समध्ये याचाही अंतर्भाव होतो), त्याच्याच वायरीत पाय अडकला आणि प्लग सटकन निघाला.

उजवा खोका मेला. आणि त्याच क्षणी,

स्टेजवरच्या बायका "घरोघरी शांती नांदो" म्हणत असताना,

डावा खोका

धडाऽऽऽम!

बटाटेवड्यांचं ताट टेबलावरून स्वतःहून निघालं. मखराचा एक खांब आडवा झाला. पद्मिनीकाकू खुर्चीतून वीतभर वर गेल्या, हे मी स्वतः पाहिलंय! उत्तरा क्षणभर गोठली. मग हसली आणि तो सूर तिनं सोडलाच नाही. पार्किंग लॉटमध्ये चेंडू खेळणारी आपली मुलं, आरतीलाही जी आत येत नाहीत, ती धावत दारात आली.

शेवटच्या रांगेतून शैला ओरडली, "वन्स मोअर!"

पुन्हा व्हॉल्यूम : ०

"काळी म्हणजे न्यूट्रल!" खोके उघडताच पुरुषोत्तम म्हणाला. "सांगलीत काय, अख्ख्या भारतात!"

"अरे, अमेरिकेत काळी म्हणजे लाइव्ह! परीक्षेत येतं!" म्हणजे माझी काळी प्लसला, त्याची मायनसला.

मधे उत्तरा आली. हातात टॉर्चमधली बॅटरी. तिनं ती डाव्या खोक्याच्या प्लगला टेकवली. स्पीकरचा कागदी पडदा पुढे आला. मग तशीच उजव्याला टेकवली. कागद मागे गेला. एक खोका फुंकर मारत होता आणि दुसरा शेजारीच उभा राहून ती ओढून घेत होता. मी जितका आवाज वाढवला, तितका त्यांनी इमानदारीत एकमेकांचा खाल्ला.

"दुकानातला माणूस हेच सांगत होता, बाबा."

तिनं उजव्यातल्या दोन वायरी अर्ध्या मिनिटात उलटसुलट केल्या. पद्मिनीकाकू छातीवर हात ठेवून मागेच उभ्या होत्या. "पुढच्या वर्षी साउंडचं सगळं हीच बघेल," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही, नंदूभाऊ... तुम्ही खुर्च्या मांडा."

तेव्हापासून उत्तरा दर वर्षी येते आणि मी खुर्च्या मांडतो. बरं काम आहे. खुर्चीला प्लस-मायनस नसतं! तरी कार्यक्रमाआधी उत्तरा एक फेरी मारते. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत ना, एवढंच बघते.