मुलांच्या सोयीची खोली

"पहिल्या मजल्यावर गार्डन व्ह्यू देऊ?" रिसॉर्टच्या मॅनेजर उत्तमने विचारलं.

"जिना आहे ना? नको," ऋजुता म्हणाली.

"मग खालची पूलसमोरची घ्या. दार उघडलं की पाणी!"

"अहो, आमचा मयूर बादली दिसली तरी कपड्यांसकट आत बसतो!"

संदेश काउंटरला टेकून उभा होता. कोपरहून निघाल्यापासून कल्याण ओलांडून मुरबाड रस्त्याला लागेपर्यंत बायकोचं एकच पालुपद चाललं होतं. खोली मुलांच्या सोयीची हवी. मागच्या सहलीत संदेशने खोली निवडलेली आणि तीन वर्षांच्या मयूरने बाल्कनीतून बापाचे दोन्ही बूट खाली टाकलेले. त्यामुळे यंदा त्याच्या मताला किंमत नव्हती.

शेवटी तळमजल्यावरची, पूलपासून लांब आणि किचनच्या जवळची खोली ऋजुताला पटली. तिने आत शिरताच काचेची किटली कपाटावर ठेवली, बाथरूमला बाहेरून कडी घातली, टेबलाच्या कोपऱ्यांना टॉवेल गुंडाळले आणि व्हरांड्याकडची सरकती काच आतून लॉक करून किल्लीही कपाटावर ठेवली. मग पाच वर्षांच्या सान्वीला बजावलं, "कुणीही दार वाजवलं तरी उघडायचं नाही. कळलं?"

संदेश बॅगा घेऊन भलत्याच खोलीकडे निघालेला दिसला म्हणून ती त्याला हाक मारायला बाहेर आली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग खट्ट!

"सानू, दार उघड."

"नाही."

"अगं, मी आई आहे!"

"तूच म्हणालीस, कुणीही."

दोघं वळसा घालून व्हरांड्यात धावली. काचेपलीकडे मयूर पलंगावर उड्या मारत होता.

"संदेश, कर ना काहीतरी!" ऋजुता काच बडवत म्हणाली.

संदेशने काच ओढून पाहिली. हलेना. त्याने खिशातलं चॉकलेट काचेला चिकटवलं, तेव्हा कुठे सान्वीचा नियम वाकला. ती दाराशी गेली, कडीशी बरीच झगडली आणि परत येऊन काचेतून ओरडली, "बाबा, अडकली!"

आता ऋजुता रडायलाच लागली. आवाज ऐकून धावत आलेला उत्तम घाबरला. त्याने सुताराला फोन लावला आणि मॅडमना धीर यावा म्हणून किचनमधून चहा मागवला.

दोघं व्हरांड्याच्या पायरीवर काचेकडे तोंड करून बसली. आत एसी चालू होता. टीव्हीवर कार्टून लागलं होतं. मुलांच्या हाताला लागेल असं खोलीत काहीच नव्हतं. चॉकलेट बाहेरच राहिल्यामुळे सान्वी रुसली होती. मग तीही भावाशेजारी आडवी झाली. ऋजुताने डोळे पुसले, एक घोट घेतला आणि कपाकडे बघतच राहिली.

"काय झालं?" संदेशने दचकून विचारलं.

"गरम आहे रे."

"चहा गरमच असतो."

"आपला कधी असतो?"

संदेशने आठवून पाहिलं. सान्वी झाल्यापासून तरी नव्हता. तो पाय पसरून बसला. समोर झाडं होती. ती मघापासून तिथेच असावीत.

इतक्यात सुतार धापा टाकत हजर झाला. "कडी कापतो, मॅडम. दोन मिनिटांचं काम!"

ऋजुताने आत पाहिलं. दोन्ही मुलं कार्टूनमध्ये गुंग होती.

"एवढी काय घाई आहे, दादा?" ती सरकून जागा करत म्हणाली. "बसा. आधी चहा घ्या."