अनधिकृत वारा

उन्हाळ्यात तलावावर वारा सुटतो, ही बाब शहरात सर्वमान्य होती. तो केव्हा, कुठून आणि किती सुटावा, हे पाहण्यासाठी मात्र एक कार्यालय होतं. मैदानी क्रीडा हवामान अंदाज कार्यालय. पहिला मजला, जिना चढून डावीकडे, पाण्याच्या पिंपाशेजारी. रोज संध्याकाळी तिथून उद्याच्या वाऱ्याचा अंदाज निघे आणि तलावाकाठच्या काळ्या फलकावर खडूने लिहिला जाई. शिडाच्या होड्यावाले, सायकलवाले, बॅडमिंटनवाले, तिरंदाज, सगळे तो वाचत, गंभीरपणे माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या नावाने बोटं मोडत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

भिंगरीची आई या कार्यालयात अंदाज अधिकारी होती. भिंगरी हे काही तिच्या लेकीचं शाळेतलं नाव नव्हे. पण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे शाळेतलं नाव घरातसुद्धा कुणाला पटकन आठवत नसे. तिच्याकडे शिडाची एक छोटी होडी होती आणि या उन्हाळ्यात तिला एकच गोष्ट हवी होती. रविवारची शर्यत जिंकून शहराच्या संघात जायचं. संघात जागा एकच. दावेदार दोघी: एक भिंगरी आणि दुसरी होड्या शिकवणाऱ्या शिडवाल्या सरांची सख्खी पुतणी, जी होडीत बसण्याआधी फडक्याने बाक पुसून घेई आणि पाण्याचा शिंतोडा उडाला तर "शी!" म्हणे.

"आई, रविवारी वारा असेल ना गं?" भिंगरीने जेवताना विचारलं.

"अजून ठरायचंय."

"कुणाचं? वाऱ्याचं?"

"वाऱ्याला कोण विचारतंय! बैठक व्हायचीय."

आईने हे इतक्या सहज सांगितलं की भिंगरीचा घास हातातच राहिला.

याचं मूळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं. फलकावर 'वारा मंद' असं लिहिलेल्या एका सकाळी काठावर बॅडमिंटनचे सामने होते. वाऱ्याने बहुधा फलक वाचला नसावा. बॅडमिंटन मंडळाच्या काकूंनी जीव खाऊन मारलेलं शटल जाळ्यापर्यंत गेलं, तिथे क्षणभर थबकलं, आणि मग मागे वळून, काकूंच्याच डोक्यावरून, उपाहारगृहातल्या चहाच्या पातेल्यात जाऊन पडलं. काकू हरल्या. काकूंचं हरणं म्हणजे साधं प्रकरण नव्हे. त्या रॅकेटसकट पहिल्या मजल्यावर आल्या.

"मंद म्हणजे मंद! हा मंद होता?"

मोठे साहेब नुकतेच पथदिवे खात्यातून बदलून आले होते. तिथे त्यांनी 'दिवे लागले आहेत' असं जाहीर करून अंधाराच्या तक्रारी निम्म्यावर आणल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "ताई, अंदाज अगदी बरोबर होता. वारा चुकला."

"मग सांगा त्याला!"

"सांगतो," साहेब म्हणाले.

आता वाऱ्याला सांगायचं तर काय सांगायचं हे आधी ठरायला हवं, म्हणून सर्व क्रीडा संघटनांची बैठक बोलावण्यात आली. काकूंना वारा मुळीच नको होता. शिडवाल्या सरांना भरपूर हवा होता. तिरंदाज संघटनेचे अध्यक्ष साहेबांचे साडू होते. त्यांनी काही मागितलं नाही, नुसतं साहेबांकडे बघितलं. सायकलवाल्यांनी जातानाही आणि येतानाही पाठीमागून वारा मागितला. आईने दबक्या आवाजात विचारलं, "एकाच रस्त्यावर?" त्यावर सायकलवाल्यांचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, आमची संख्या सगळ्यांत जास्त आहे." ठराव एकमताने मंजूर झाला.

अंदाज आता लोकांच्या मनासारखा होता. फक्त गच्चीवरचं यंत्र ऐकेना. तीन वाट्यांचं ते चक्र वाऱ्याने गरगर फिरे आणि जो वेग असेल तो दाखवून मोकळं होई. ना पोच, ना पाचपोच. साहेबांनी गच्चीवर जाऊन त्याची पाहणी केली, स्वतःची टोपी उडू दिली आणि शेरा मारला: 'सदर यंत्र उघड्यावर असल्यामुळे त्यावर हवामानाचा परिणाम होत आहे.'

यंत्र खाली आणलं गेलं. आईच्या टेबलावर त्याला जागा मिळाली आणि समोर एक टेबलफॅन ठेवण्यात आला. मंद वारा मंजूर असेल त्या दिवशी पहिलं बटण, मध्यम असेल त्या दिवशी दुसरं. सायकलवाल्यांसाठी पंख्याची मान फिरती ठेवली, की झाला दोन्हीकडून वारा. अंदाज शंभर टक्के अचूक येऊ लागले. सायकलवाल्यांना विक्रमांची प्रमाणपत्रं मिळाली, काकूंना करंडक मिळाला, तिरंदाजांना पदकं मिळाली, कार्यालयाला 'अचूक कार्यालय' म्हणून ढाल मिळाली, आणि आईचं नाव बढतीसाठी वर गेलं. ज्याला त्याला काही ना काही मिळालं; एकट्या वाऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही.

याचा पहिला फटका भिंगरीला सरावाच्या वेळी बसला. फलकावर 'वारा जोरदार' होतं. तलाव मात्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा गप्प पडला होता. शिडं ओल्या चादरीसारखी लोंबत होती.

"बाहेर झुका!" शिडवाले सर काठावरून ओरडले. जोराच्या वाऱ्यात होडी कलंडू नये म्हणून उलट्या बाजूला अंग बाहेर टाकायचं असतं, हे भिंगरीला पाठ होतं. पण उलट्या बाजूला म्हणजे कशाच्या उलट्या?

"सर, वाराच नाहीये!"

"फलकावर आहे! तुला जाणवत नाही म्हणजे तुझी तयारी कमी पडतेय!"

भिंगरी झुकली. होडीला सावरायला पलीकडून वारा नव्हता, त्यामुळे ती भिंगरीच्याच बाजूने शांतपणे, सभ्यपणे पालथी झाली. एकामागून एक सगळ्या होड्या पालथ्या झाल्या. पुतणीची तेवढी राहिली, कारण ती अजून बाक पुसत होती.

"बघा!" सर कौतुकाने म्हणाले. "केवढ्या वाऱ्यात तोल सांभाळला पोरीने!"

घरी भिंगरीने ओले बूट दारातच भिरकावले. "आई, हे काय चाललंय? पंख्याच्या वाऱ्याने होडी चालते का?"

"हळू बोल. कार्यालयाची बाब आहे."

"मग रविवारी तरी जोरदार लिही ना! निदान लिही!"

"साहेबांच्या साडूंची तिरंदाजी आहे त्याच दिवशी, शेजारच्या मैदानावर. त्यांना शून्य वारा हवाय."

"आणि माझ्या शर्यतीचं काय?"

आई भांडी घासायला बसली. पोटची पोर आणि डोक्यावरचा साहेब यांच्यामध्ये बाई अडकली की ती भांडी जरा जोरात घासते. त्या दिवशी कढईचं बूड लखलखलं. दुसऱ्या दिवशी आईने साहेबांपुढे तडजोड मांडली आणि ती मंजूरही झाली: तलावावर मंद वारा, मैदानावर शून्य. एकाचा वारा दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये म्हणून मधोमध दोरी बांधण्यात आली. दोरीला पाटी लटकली, 'येथून पुढे वारा नाही.'

"मंद तर मंद," भिंगरी म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. "तू म्हणजे ना, वारा आणणारी आई आहेस."

रविवार उजाडला तोच वारं प्यायलेल्या वासरासारखा. झाडं जमिनीला टेकून वर येत होती. उपाहारगृहाचं छप्पर टाळ्या वाजवत होतं. दोरीवरची पाटी दोरीभोवती गरगरत होती. त्यामुळे 'वारा नाही' हे एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने वाचता येत होतं. फलकापाशी उभ्या असलेल्या लोकांनी दोन्ही हातांनी टोप्या धरल्या आणि एकमेकांना सांगितलं, "आज छान, शांत आहे."

शिट्टी झाली. भिंगरीने शीड सोडलं आणि होडी अशी काही सुटली की तिचं हसू मागेच राहिलं. ती खरोखर बाहेर झुकली आणि या वेळी खरोखर काहीतरी तिला पेलून धरत होतं. पाणी तोंडावर फटाफट बसत होतं. ती मोठमोठ्याने ओरडत होती. काय ओरडत होती ते तिलाही ऐकू येत नव्हतं. इतक्या मजेत ती आयुष्यात कधी बसली नव्हती.

वळणाच्या खुणेपाशी तिच्या शिडात खच्चकन एक बाण घुसला.

काठावर तिरंदाजीचे पंच साडूंना सांगत होते, "सर, बाण तलावात गेला."

"वारा किती आहे?" साडू म्हणाले.

"शून्य."

"मग बाण वळेल कसा? तो सरळच गेला. मी नेम लक्ष्यावरच धरला होता. म्हणजे तो जिथे लागला ते लक्ष्य."

पंचांनी विचार केला. त्यात चूक सापडेना. त्यांनी भिंगरीचं शीड लक्ष्य म्हणून नोंदवलं आणि साडूंना पूर्ण गुण दिले.

लक्ष्य मात्र बाणासकट पुढे निघालं आणि सगळ्यांच्या कितीतरी आधी काठाला लागलं. साहेबांनी अजून खुर्चीत नीट टेकलंही नव्हतं. भिंगरी ओलीचिंब, केस उभे, धावतच त्यांच्यापुढे आली. "जिंकले!"

"थांब बाळ," साहेब म्हणाले. "आजचा वारा मंद. मंद वाऱ्यात ही फेरी जेवणाच्या वेळेआधी पूर्ण होणं शक्य नाही. तू पूर्ण केलीस. याचा अर्थ तू मंजूर वाऱ्यापेक्षा जास्त वारा वापरलास."

"पण तो सुटलाच होता!"

"अनधिकृत. तू बाद."

मागून येणाऱ्या सगळ्या होड्या त्याच कारणाने बाद झाल्या. उरली पुतणी. तिची होडी काठालाच बांधलेली होती आणि ती मंजूर वाऱ्याची वाट बघत आत बसली होती. नियम पाळणारी एकमेव स्पर्धक म्हणून संघातली जागा तिला मिळाली. "शी!" ती म्हणाली, कारण टाळ्या वाजवायला आलेल्या सरांच्या बाहीचं पाणी तिच्यावर उडालं होतं.

"हा अन्याय आहे!" भिंगरी ओरडली. "इथे एवढी माणसं आहेत. विचारा ना त्यांना, वारा आहे की नाही!"

साहेब लोकशाही मानणारे होते. त्यांनी कर्णा हातात घेतला. टेबलावरचे कागद उडून तलावाकडे गेले. ते स्वतःहून गेल्याचं कारकुनाने सांगितलं. "ज्यांना या क्षणी वारा लागतो आहे," साहेब गरजले, "त्यांनी हात वर करावेत!"

भिंगरीने तत्काळ दोन्ही हात वर केले. तक्रारदाराचे हात मोजता येत नाहीत, असं तिला सांगण्यात आलं.

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी दोन्ही हातांनी केस दाबून धरले होते आणि करंडक दोन्ही पायांत धरला होता. आज वारा आहे म्हटलं तर त्या दिवशी नव्हता कशावरून, हा हिशोब त्यांना कळत होता. सायकलवाले आपापल्या उडू पाहणाऱ्या सायकलींना मिठी मारून उभे होते. विक्रम एकदा गेला की परत येत नाही. तिरंदाजांनी पदकं मुठीत घट्ट धरली होती.

मग भिंगरीने आईकडे पाहिलं. आई साहेबांच्या खुर्चीमागे उभी होती. तिचा उजवा हात वर आला. खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. साहेबांनी मान वळवून पाहिलं. आईने त्या हाताने एक बट कानामागे सारली आणि हात खाली घेतला. बट लगेच पुन्हा उडाली. आईने पुन्हा भिंगरीकडे पाहिलं नाही.

"एकही हात नाही," साहेबांनी जाहीर केलं. "वारा नाही, हे एकमताने सिद्ध झालेलं आहे."

पण हे तितकंसं खरं नव्हतं. गर्दीत फलकाच्या उजव्या अंगाला एक व्यक्ती अशी होती, जिला ना करंडक मिळाला होता, ना पदक, ना बढती हवी होती. सुट्टीच्या दिवशी गंमत बघायला आलेली. टोपी सांभाळायला तिला एक हात पुरत होता. दुसरा अगदी रिकामा होता. भिंगरीने तिच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. त्या व्यक्तीने तो रिकामा हात सावकाश खिशात घातला, आणि घरी जाऊन हा सगळा प्रकार वाचताना ती पोट धरून हसली.

तुम्हीच ना ते?